न मागणारी मुलं

लालबागहून एका २४ वर्षांच्या मुलाचं लांबलचक पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालाय म्हणून छापत नाही, आणि पत्रही अख्खं देत नाही, थोडक्यात सांगते. दहा बाय बाराची खोली, वर पोटमाळा, संडास कॉमन. आजोबा गिरणीत होते, बाबा दहावीनंतर शिकले नाहीत, फोर्टात एका खाजगी ऑफिसात शिपाई आहेत, आई पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. धाकटी बहीण बारावी सायन्सला. हा स्वतः बी.एस्सी. आयटी झालाय आणि दोन वर्षं ऐरोलीला एका कंपनीत सपोर्टला आहे, हातात ३४ हजार येतात.

तो लिहितो, "ताई, पैसे आता येतात पण माझ्याच्याने खर्चच होत नाहीत. टीमबरोबर बाहेर जेवायला गेलो की मेनूकार्डात आधी किंमती बघतो, मग पदार्थ. माझ्यानंतर लागलेल्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे हे मला कळलंय, तरी अप्रेझलला मॅनेजरने काही बोलायचंय का विचारलं तर मी नाही सर, सगळं ठीक आहे म्हणून उठलो. ऑफिसात मी परळ साइडला राहतो एवढंच सांगतो." आणि मग खरी गोष्ट येते. गेल्या महिन्यात आई दुधाच्या पिशव्या धुऊन भंगारवाल्यासाठी वाळत घालत होती ते बघून याचं डोकं फिरलं आणि तो ओरडला, तुमच्या असल्या वागण्यामुळेच मी असा झालोय. आई काही बोलली नाही. तेव्हापासून घरात कामापुरतंच बोलणं चाललंय. विचारतोय, माझ्या घडणीतच काही खोट राहिलीय का, आईशी कसं बोलू, आणि ऐरोलीला मित्राबरोबर रूम घेऊन राहू का. शेवटी घाईघाईत एक ओळ बहिणीबद्दल आहे, तिच्याकडे नंतर येते.

हं, तर आता तुझ्याशीच बोलते.

खोट वगैरे काही नाही रे. पण पत्रात तू स्वतःला कधी कंजूस म्हणालायस, कधी कॉन्फिडन्स नाही म्हणालायस, कधी मेंटॅलिटीच मिडलक्लासपेक्षा खालची आहे म्हणालायस (हे वाक्य वाचून मला वाईट वाटलं, ते परत लिहू नकोस), आणि मला मात्र सगळीकडे एकच गोष्ट दिसत राहिली, की तुला मागता येत नाही. हॉटेलात हवं ते मागता येत नाही, मॅनेजरकडे पगार मागता येत नाही, आणि घरी आईकडे तर बोलणंसुद्धा मागता येत नाहीये, म्हणजे आई माझ्याशी बोल ना एवढंसुद्धा.

हे कुठून आलं ते मला माहितीय कारण मी परळच्या रात्रशाळेत बरीच वर्षं शिकवलंय आणि अशी मुलं वर्गच्या वर्ग बघितलीत. एका खोलीच्या घरात मुलांपासून काही लपत नाही. रात्री लाइट बंद झाला, पोरं झोपली असं समजून आईबाबा हळू आवाजात बोलायला लागतात, वाण्याचे किती राहिलेत, भिशीचा नंबर कधी लागतोय, फी या महिन्यात भरायची की पुढच्या, आणि अंथरुणात मूल जागं असतं. त्याला आकडे कळत नाहीत पण आवाज कळतो. मग शाळेत सहलीची चिठ्ठी मिळाली की ती घरी जातच नाही, दप्तरातच राहते, आणि बाईंनी विचारलं की मूल सांगतं मला बस लागते. मला कितीतरी मुलांनी असं सांगितलंय आणि एवढ्या मुलांना बस लागत नसते हे न कळायला मी काही वेडी नव्हते.

ते मूल तसं का करतं? मागितलं तर आई नाही म्हणेल म्हणून नाही करत. नाही म्हणताना आईचा चेहरा कसा होतो ते त्याने एकदा बघितलेलं असतं आणि तो परत बघायचा नसतो, म्हणून ते मागणंच बंद करतं. आपल्या बाजूने आईला जपत असतं ते सहा-सात वर्षांचं पोर. तर तुझं न मागणं हे असं मायेतून आलंय आणि घरात सगळ्यांना ते कळत होतं, त्यांनी तुला शहाणं बाळ म्हटलं असणार, नातेवाइकांत कौतुक झालं असणार की आमच्या याला कशाचा हट्ट म्हणून नाही. फक्त ऑफिसात ही भाषा कोणाला येत नाही. तिथे तू गप्प बसलास की त्याचा अर्थ एवढाच होतो की या मुलाला काही नकोय, बजेट दुसऱ्याला देऊया. मॅनेजर वाईट असेलच असं नाही, त्याच्यासमोर दहा जण बसून गेलेले असतात आणि त्यातले चार जण आकडा सांगून गेलेले असतात.

आता आईबाबांकडे वळते, कारण तू त्यांच्यावर चिडलायस आणि चिडल्याबद्दल स्वतःवरही चिडलायस, आणि हे दोन्ही एकदम चाललं की माणसाला काही सुचत नाही.

तुझे बाबा साधारण १९७० च्या आसपासचे असतील, कारण तू लिहिलंयस गिरण्यांच्या संपाच्या वेळी ते सातवीत होते. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही असं गिरणगावात अजून म्हणतात. घरात पहिल्या-दुसऱ्या महिन्यात वाटलं असेल होईल सुरू, मग सहा महिने गेले, मग वर्ष गेलं. कोणी गावी परत गेलं, कोणी भाजी विकली, कोणी वॉचमन झालं, भांडी गेली, मंगळसूत्रं गेली, आणि घरोघरची मोठी मुलं शाळेतून निघून कामाला लागली. बारा वर्षांच्या मुलाने हे रोज बघितलंय की काल महिन्याच्या महिन्याला येणारा पगार आज नाही आणि कोणी सांगू शकत नाही परत कधी येणार. असा माणूस बाप झाल्यावर उधारी नको, हप्ता नको, आहे त्यात भागवा असं म्हणणार नाही तर काय म्हणणार? तुला जी भीती बाबांकडून मिळाली ती तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे, आणि त्या वेळेला ती अगदी बरोबर होती. हे मी त्यांची बाजू घ्यायला लिहीत नाहीये. तुझ्या मनातला हिशेब किती जुना आहे ते तुला दिसावं म्हणून लिहितेय.

आणि तूच पत्रात एक गोष्ट सहज लिहून पुढे गेलायस, मी मात्र तिथे थांबले. तू म्हणतोस बाबा फारसं काही द्यायचे नाहीत पण दिवाळीला म्हणाले की दिवाळीला, सायकल पाचवीत देणार म्हणाले तर पाचवीतच दिली, सेकंडहँड का होईना. अरे, ही केवढी मोठी गोष्ट आहे तुला कल्पना नाही. अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात लहान मुलांवर एक प्रयोग झाला होता, २०१३ मध्ये छापून आला. मुलाला एक मार्शमेलो देतात आणि सांगतात आत्ता न खाता थांबलास तर दुसरा मिळेल, हा जुना प्रयोग बऱ्याच जणांना माहीत असतो. इथे त्यांनी आधी काय केलं, काही मुलांना मोठ्या माणसाने चांगले रंग आणून देतो सांगून खरंच आणून दिले, आणि काहींना सांगून आणलेच नाहीत. ज्यांना शब्द पाळलेला दिसला ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती ३ मिनिटांत खाऊन मोकळी. मुलं मोजकीच होती, २८, पण मला ते पटतं कारण रात्रशाळेत हेच दिसायचं. ज्यांच्या घरी पैसे कमी पण बोललेलं पाळलं जायचं ती मुलं चार वर्षं दिवसभर काम करून रात्री वर्गात येऊन बसायची. पैसे कमी असणं वेगळं आणि कशाचाच भरवसा नसणं वेगळं. तुझ्या घरात पहिलं होतं, दुसरं बाबांनी होऊ दिलं नाही, आणि तेही शिपायाच्या पगारात. तू तीन वर्षं कॉलेज आणि पार्ट टाइम डाटा एंट्री एकत्र रेटलीस ना, ती ताकद यातून आलीय.

पण याचा अर्थ गरिबीने माणूस घडतो असा कोणी काढू नये. हे वाक्य मला अजिबात सहन होत नाही, आणि ते बहुतेक वेळा ज्यांनी गरिबी बघितली नाही तेच स्टेजवरून बोलतात. तंगी माणसाचं डोकं खाते. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास आहे, तोही २०१३ चाच, सायन्स या नियतकालिकात आलेला. तेच शेतकरी, पीक हातात यायच्या आधी पैशाची ओढाताण असताना, आणि पीक निघून पैसे आल्यावर, अशा दोन्ही वेळी त्यांना बुद्धीच्या कसोट्या दिल्या तर पैसे यायच्या आधी त्यांना त्या वाईट गेल्या. माणूस तोच, डोकं तेच, फक्त अर्धं डोकं पैशाच्या विवंचनेत अडकलेलं. तुझ्या आईने वीस-बावीस वर्षं अशा डोक्याने घर चालवलंय, रोज. पिशव्या धुणं हा त्यातला अगदी शेवटचा, हाताला लागलेला भाग आहे, तो आता गरज संपली तरी थांबत नाही.

इथे मला परळचंच एक उदाहरण आठवतं, सगळ्यांना माहीत असलेलं पण या बाजूने फारसं न बघितलेलं. बाबासाहेब शाळेत असताना आंबेडकर कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहायचं. जागा इतकी कमी की वडील रामजीबाबा मुलाला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे व्हायचे. हे आपण मुलांना भाषणात सांगतो. पण त्याच्याच बरोबरची दुसरी गोष्ट बघ. मुलाला पुस्तकं हवी असायची, तो मागायचा, आणि वडिलांकडे पैसे नसले की ते लग्न झालेल्या मुलीकडे जाऊन उसने मागायचे, तिचा दागिना गहाण टाकायचे, आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. त्या घरात मागणं चालू होतं. मुलगा बापाकडे मागत होता, बाप लेकीकडे मागत होता, आणि घेतलेलं परत जात होतं. (बघा त्यांनी करून दाखवलं, तुम्हाला काय झालं, असं म्हणायला मी हे सांगत नाहीये हं. तसं म्हणणाऱ्या लोकांचा मला रागच येतो.)

तुमच्या घरात नेमकं हेच बंद पडलंय. सगळे एकमेकांना जपतायत आणि कोणी कोणाला काही विचारत नाही. मला सांग, तुला माहितीय का की घरात आज किती पैसे आहेत? बाबांचा पीएफ किती जमलाय, आईचे पोळ्यांचे महिन्याला किती येतात, पतपेढीत काही आहे का, कोणाचं देणं आहे का? तू लिहिलंयस "तशी परिस्थिती बेताचीच आहे". तशी म्हणजे कशी? हे तुझ्या लहानपणीचं, अंथरुणातून ऐकलेलं उत्तर आहे. तेव्हा घरात एक पगार होता आणि दोन लहान मुलं होती, आता तीन ठिकाणहून पैसे येतात. कदाचित परिस्थिती तुला वाटते त्याहून खूप बरी असेल, कदाचित एखादं देणं असेल जे त्यांनी तुझ्यापासून लपवलंय, दोन्ही चालेल, पण खरा आकडा कळल्याशिवाय तुझ्या मनातली भीती हलणार नाही कारण तिला शेवटच नाहीये.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की एखाद्या रविवारी, दुपारी जेवणं झाल्यावर, वही घेऊन बस आणि बाबांना सरळ विचार. माझा पगार एवढा, मी घरात १५ हजार देतो (तू हे लिहिलंयस म्हणून आकडा घेतला), ते कुठे जातात, पुरतात का, जास्त हवेत का, बाबा रिटायर झाल्यावर काय. बाबा पहिल्यांदा तुला काय करायचंय, तू तुझं बघ असं म्हणतील. म्हणू दे. उठू नकोस. आधी तुझी सॅलरी स्लिप त्यांच्यासमोर ठेव, कट किती होतो, पीएफ किती जातो, सगळं दाखव, तू दाखवल्यावर ते दाखवतील, आपल्याकडच्या वडिलांचं असंच असतं. बहिणीलाही बसव तिथे. ती लहान आहे वगैरे काही नाही, तीही रात्री जागी असते.

तो हिशेब झाला की दोन गोष्टी आधी कर. एक, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईबाबांना घालता येतं का ते एचआरला विचार, काही कंपन्या घेतात, प्रीमियम तुझ्या पगारातून जातो. आईचे गुडघे दुखतात म्हणालास ना, उद्या ऑपरेशन निघालं तर ते पैसे कुठून येणार हा प्रश्न तुमच्या चौघांच्याही डोक्यात असणारच, फक्त कोणी बोलत नाहीये. दोन, तीन-चार महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेल इतकी आरडी सुरू कर. एकदा ती रक्कम जमली की मग जे उरेल ते खर्च करताना हात थरथरतो का बघ. माझा अनुभव असा की थरथर आकडा माहीत झाल्यावर बरीच कमी होते, आणि समजावून सांगून अजिबात कमी होत नाही.

आता आई. तिला सॉरी म्हण, पण नुसतं सॉरी म्हणून लॅपटॉप उघडू नकोस. तू जे बोललास ते तिला इतकं का लागलं असेल ते बघ, तिने आयुष्यभर ज्या एका गोष्टीचा अभिमान धरला, की एवढ्याशा पैशात मी पोरं नीट वाढवली, त्यालाच तू नाव ठेवलंस. तिला तुझ्या तोंडून ऐकायचं असेल तर हेच की तुला ते दिसलंय. मग विचार तिला. माझी कॉलेजची पहिली फी कुठून भरली होतीस? कोणाकडे मागितलेस? भिशी कोणाकडे होती? आयांना हे कोणी विचारत नाही, आणि विचारलं की त्या बोलतात, पोळ्या लाटता लाटता बोलतात, तू समोर बसून पोळ्या शेक. मध्येमध्ये समजूतदारपणा दाखवायला जाऊ नकोस, ऐक फक्त. पिशव्या धुणं ती सोडणार नाही, आणि तिने सोडायचं काही कारणही नाही. तुला ते बघून राग येतो कारण तुला वाटतं आपण अजून तिथेच आहोत. ते वाटणं तुझं आहे, त्यात तिच्या पिशव्यांचा दोष नाही.

पगाराचं. अप्रेझल होऊन गेलंय तरी मॅनेजरकडे वेळ मागता येतो, मेल टाक, दोन ओळींचा. जाण्याआधी कागदावर लिहून काढ की वर्षभरात तू काय केलंस, किती तिकिटं (म्हणजे लोकांच्या तक्रारी) बंद केलीस, नाइट शिफ्टला कोण येत नव्हतं तेव्हा कोण आलं, नवीन मुलांना कोणी शिकवलं, आणि याला तुझ्या घरच्या परिस्थितीचा एक शब्दही जोडू नकोस, आई आजारी, बहिणीची फी, काही नाही. त्या मुलाला जास्त मिळतात हेही काढू नकोस. तुझ्या अनुभवाला बाहेर काय पगार चाललाय ते दोन-तीन जॉब साइटवर बघून एक आकडा ठरव आणि तो आकडा बोल. "सर, मी केलेल्या कामाच्या हिशेबाने मला एवढा पगार हवाय, कधी होऊ शकेल?" एवढंच. आणि बोलून झालं की गप्प बस. तुला लगेच वाटेल की नाही सर, म्हणजे जमलं तर, घाई नाही. ते वाक्य तोंडात आलं तरी बाहेर काढू नकोस. तो नाही म्हणाला तर काय? काही नाही. त्याचा चेहरा तुझ्या आईचा चेहरा नाहीये, नाही म्हणताना त्याला काही होत नाही, तो तेच वाक्य दिवसभरात चार जणांना म्हणतो. नाही म्हणाला तर पुन्हा कधी विचारू ते विचार, आणि रेझ्युमे अपडेट कर.

आणि मागणं आपल्या लोकांत नाही, आपण बिचारे साधे, असंही समजू नकोस. तुमच्याच गिरणगावात घरी खाणावळ चालवणाऱ्या बायका होत्या, सकाळ-संध्याकाळ कामगारांचे डबे करायच्या आणि वाण्याच्या, सावकाराच्या देण्यात बुडालेल्या असायच्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, आणि या बायका, ज्यांतल्या कित्येकींना सहीसुद्धा येत नव्हती, बँकेत जाऊन कर्ज मागायला लागल्या. मिळालं आणि त्यांनी फेडलं. बँकेच्या काउंटरसमोर पहिल्यांदा उभं राहताना त्यांच्या पोटात गोळा आला नसेल का? तुझी आजीही तेव्हा खाणावळ चालवायची असं लिहिलंयस, ती या मंडळात होती की नाही ते आईला विचार, मला उत्सुकता आहे.

ऐरोलीच्या रूमचं माझं मत सांगते, पटलं तर बघ. करी रोडहून ठाणे आणि ठाण्याहून ऐरोली हा रोजचा प्रवास दमवणारा आहे हे मान्य, आणि चोवीसाव्या वर्षी मुलाला स्वतःची जागा हवी वाटली तर त्यात गैर काहीच नाही, दहा बाय बारात चार मोठी माणसं राहतात तेव्हा तर नाहीच. पण आत्ता, आईशी अबोला असताना नको जाऊस. आत्ता गेलास तर ते भांडून गेल्यासारखं होईल आणि तिला वाटेल पिशव्यांवरूनच गेला. आधी बोलणं होऊ दे, हिशेब होऊ दे, मग डिपॉझिट आणि भाडं जमतंय का ते त्याच वहीत बघा आणि खुशाल जा. तोपर्यंत फर्स्ट क्लासचा पास काढ. चैन म्हणून काढ असं म्हणत नाहीये, रात्रपाळी करून उभ्याने येतोस म्हणून काढ.

आणि ते परळ साइड. बरं, तू लालबागचा आहेस हे ऑफिसात कळलं ना तर गणपतीत अर्धी टीम तुझ्या मागे लागेल की राजाचं दर्शन करून दे. लागू दे मागे. सगळ्यांना आणायची गरज नाही, ज्याच्याशी खरंच पटतं असा एक जण आण, खोलीत बसव, आईच्या हातचं जेवू दे, बाथरूमला जायचं असेल तर पॅसेजच्या टोकाला आहे म्हणून सांग. त्या दिवशी तुला फार जड जाईल. पण त्यानंतर ऑफिसात निदान एक माणूस असा असेल ज्याच्याशी बोलताना तुला वाक्य जपून टाकावं लागणार नाही. तो नीट वागला नाही तर त्याच्याशी मैत्री कमी कर, घराबद्दल मत बदलू नकोस.

आता ती घाईतली ओळ. तू लिहिलंयस की बहिणीला इंजिनीअरिंग करायचं होतं, पण ती आता आपणहून म्हणते मला साधी बी.एस्सी. पण चालेल, आणि आम्हाला बरं वाटलं की ती समजूतदार आहे. अरे बाबा! ती सहलीची चिठ्ठी दप्तरात ठेवतेय. तुला कोणी थांबवलं नाही, तिला तू थांबव, तुला तर हे सगळं आतून माहितीय. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस (खुल्या गटातल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय, आधी निम्मं होतं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि ॲडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवी, मॅनेजमेंट कोट्यातून नको. तुम्ही कुठल्या प्रवर्गात येता ते तू लिहिलं नाहीस, एससी-एसटीसाठी वेगळ्या योजना आहेत, आणि ओपनमधून असाल तर ईडब्ल्यूएसचा दाखला निघतो का बघा. अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर भरायचा असतो. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो, ओबीसी असाल तर नॉन क्रीमीलेअर लागतं, आणि हे दाखले निकालानंतर काढायला गेलात तर तिथे तोबा गर्दी असते, म्हणून आत्ताच काढून ठेवा. फी माफ झाली तरी पुस्तकं, प्रवास, लॅपटॉप हे खर्च आहेत, ते रविवारच्या वहीत वेगळ्या पानावर लिही.

आणि सीईटीचा, म्हणजे इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म तिने भरलाय का ते आज रात्रीच विचार तिला. "भरणार होते पण" असं काही म्हणाली तर तिच्या शेजारी बसून शेवटची तारीख बघ, आणि फॉर्मची फी तू भर, तुझ्या मोबाइलवरून, लगेच.